'लबॉरिअस' हा इंग्रजी शब्द कुठे वापरायचा आणि कुठे टाळायचा: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

इंग्रजीतली शिफारसपत्रं, नोकरीचे अर्ज, शोधनिबंधांचे सारांश तपासून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं: 'ही इज अ सिन्सिअर अँड लबॉरिअस स्टुडंट.' लिहिणाऱ्याच्या मनात निखळ कौतुक असतं आणि विद्यार्थीही खरोखर मेहनती असतो. पण रोज इंग्रजीत वावरणारा माणूस हे वाक्य वाचताना अडखळतो. हा मुलगा रखडत काम करतो की काय, असं त्याला वाटतं. नाहीतर पत्र लिहिणाऱ्याला शब्दाचा अंदाज नाही, असं वाटतं. दोन्हीकडून तोटा त्या विद्यार्थ्याचाच.

चूक होते याला कारण आहे. पुष्कळ शब्दकोशांत 'लबॉरिअस'पुढे 'कष्टाळू, मेहनती' असे अर्थ दिलेले असतात. ते खोटे नाहीत, जुने आहेत. म्हणून पाठ केलेल्या अर्थावर विसंबू नका आणि हा शब्द एकदा नीट हाताळून बघा. तासाभराचं काम आहे, आणि याच पद्धतीने पुढे दुसरे शब्दही तपासता येतील.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांपैकी कोणताही चालेल. तिन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात.
- खऱ्या वापरातली वाक्यं दाखवणारं एखादं साधन. अशा वाक्यसंग्रहाला कॉर्पस म्हणतात. त्याबद्दल सातव्या पायरीत.
- एक वही. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे 'माणूस' लिहा, उजवीकडे 'काम'.
- तुम्ही स्वतः लिहिलेली दोन-चार इंग्रजी वाक्यं. दुसऱ्याच्या उदाहरणांवर शब्द कळतो, पण अंगवळणी पडतो तो स्वतःच्या वाक्यात घातल्यावरच.

१. आधी मराठीत ठरवा: कष्टाळू की कष्टाचं?

सगळ्या लेखात ही पायरी सर्वांत महत्त्वाची. घाईत असाल तर निदान एवढी तरी वाचा.

मराठीत आपण 'कष्टाळू माणूस' म्हणतो आणि 'कष्टाचं काम' म्हणतो. 'कष्टाळू काम' असं कोणी म्हणत नाही, आणि 'कष्टाचा माणूस' म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. हा भेद आपल्या जिभेवर लहानपणापासून बसलेला आहे, शिकावा लागत नाही. इंग्रजी वाक्य लिहिताना तोच वापरायचा.

मनातलं वाक्य मराठीत म्हणून बघा. त्यात 'कष्टाचं', 'जिकिरीचं', 'वेळखाऊ' बसत असेल तर 'लबॉरिअस' चालण्याची शक्यता आहे. 'कष्टाळू', 'मेहनती', 'कामसू' बसत असेल तर 'लबॉरिअस' बाजूला ठेवा आणि थेट पाचव्या पायरीकडे जा.

इंग्रजीतही हा शब्द पूर्वी दोन्हीकडे चालायचा. लॅटिनमधल्या 'लाबोर' म्हणजे श्रम या शब्दापासून निघून तो फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, तेव्हा माणसालाही लागायचा आणि कामालाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश छापला, त्यात तर 'कामात तत्पर' हा माणसाचा अर्थ पहिला आहे आणि 'श्रम लागणारं' हा कामाचा अर्थ दुसरा. पुढे माणसाचा अर्थ मागे पडत गेला. आजच्या लिखाणात तो क्वचित दिसतो आणि दिसला की जुनाट वाटतो. जुनी इंग्रजी पुस्तकं वाचताना मात्र तो लक्षात ठेवा. तिथे 'लबॉरिअस' विद्वान भेटला तर ती स्तुती समजायची.

२. उच्चार आणि स्पेलिंग एकदाच पक्कं करा

आपल्या बोलण्यात 'लेबर' हा शब्द मुरलेला असल्यामुळे बहुतेक जण 'लेबोरियस' म्हणतात. मूळ नामात जोर 'ले'वर आहे, हे खरं. विशेषणात मात्र तो पुढे सरकतो: ल-बॉ-रि-अस. 'ल' अगदी हलका, घाईत म्हटल्यासारखा, आणि 'बॉ' लांब व ठसठशीत. दहा वेळा मोठ्याने म्हणा, बसेल.

स्पेलिंगमध्ये एक सापळा आहे, आणि ब्रिटिश पद्धतीने लिहिणारे त्यात हमखास सापडतात. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'लेबर' या नामात 'ओ'नंतर 'यू' येतो. अमेरिकन स्पेलिंगमध्ये येत नाही. 'लबॉरिअस'मध्ये मात्र तो 'यू' दोन्हीकडे गळतो: एल-ए-बी-ओ-आर-आय-ओ-यू-एस. शेवटी जो 'यू' दिसतो तो प्रत्ययाचा. 'ह्यूमर'चं 'ह्यूमरस', 'व्हिगर'चं 'व्हिगरस', 'ग्लॅमर'चं 'ग्लॅमरस' होतानाही ब्रिटिश स्पेलिंगमधला मधला 'यू' असाच जातो. 'लेबरर' म्हणजे मजूर, त्यात मात्र ब्रिटिश लोक 'यू' ठेवतात. एवढं लक्षात राहिलं की पुरे.

३. नुसतं 'कठीण' समजू नका

'लबॉरिअस'च्या पोटात तीन गोष्टी एकत्र असतात: श्रम बरेच, वेळ बराच आणि गती संथ. यातली एखादी नसेल तर शब्द बहुधा बसत नाही.

समजा, हाताने लिहिलेलं एक जुनं जाडजूड नोंदवही-पुस्तक आहे. त्यातली हजारो नावं कोणीतरी संगणकात भरतो आहे. प्रत्येक नाव वाचायचं, अक्षर लागत नसेल तर पान उजेडाकडे धरायचं, टाइप करायचं, मूळ पानाशी ताडून बघायचं, मग पुढच्या ओळीवर जायचं. यात बुद्धीला कोडं पडत नाही. कोणालाही दोन मिनिटांत शिकवता येईल असं काम, पण संपता संपत नाही. हे 'लबॉरिअस'. याला 'डिफिकल्ट' म्हटलं तर नेमकं वर्णन निसटतं.

आता बुद्धिबळातला अवघड डाव घ्या. तीन मिनिटांत सुचेल किंवा अजिबात सुचणार नाही. तो 'डिफिकल्ट' आहे, त्याला 'लबॉरिअस' म्हणता येत नाही.

शब्दात थोडी कुरकुरही आहे. 'इट वॉज अ लबॉरिअस प्रोसेस' असं कोणी म्हणालं की त्यात 'फार वेळ खाल्ला, दमलो' हे ऐकू येतं, आणि 'याहून सोपा मार्ग असता तर बरं झालं असतं' असंही. म्हणून मराठीत 'परिश्रमपूर्वक' हा शब्द यासाठी फार उदात्त होतो. मला 'जिकिरीचं' सर्वांत जवळचं वाटतं. 'किचकट'ही पुष्कळदा चालतं, पण किचकटपणात गुंतागुंत असते आणि 'लबॉरिअस'मध्ये ती असेलच असं नाही.

लेखनाला किंवा बोलण्याला हाच शब्द लावला तर तो टीकेचा होतो. 'लबॉरिअस प्रोज' म्हणजे ओढूनताणून लिहिलेलं, लेखकाची दमछाक वाचकाला दिसते असं गद्य. तुमच्या निबंधावर कोणी हा शेरा मारला तर तो मेहनतीला दिलेली दाद समजू नका. वाक्यं सैल करून, छोटी करून पुन्हा लिहा.

४. सोबतचे शब्द जोडीने शिका

एकटा शब्द पाठ केला की तो चुकीच्या जागी जाऊन बसतो. 'लबॉरिअस'पुढे नेहमी येणारी नामं मोजकी आहेत: प्रोसेस, टास्क, वर्क, जॉब, मेथड, प्रोसिजर, बिझनेस. यातला 'बिझनेस' धंदा नाही. 'अ लबॉरिअस बिझनेस' म्हणजे 'मोठं जिकिरीचं प्रकरण'.

दोन जोड्या तर जशाच्या तशा वहीत उतरवून घ्या:

- 'स्लो अँड लबॉरिअस': संथ आणि जिकिरीचं.
- 'टाइम-कन्झ्यूमिंग अँड लबॉरिअस': वेळखाऊ आणि कष्टाचं.

विज्ञानात शिकणाऱ्यांना दुसरी जोडी जागोजागी भेटेल. नवी पद्धत मांडणाऱ्या शोधनिबंधात प्रस्तावनेतच जुन्या पद्धतीबद्दल लिहिलेलं असतं की ती वेळखाऊ, लबॉरिअस आणि खर्चिक आहे. म्हणूनच स्वतःच्या पद्धतीचं वर्णन करताना 'वुई यूज्ड अ लबॉरिअस मेथड' असं अभिमानाने लिहू नका. परीक्षक लगेच विचारेल की मग सोपी पद्धत का नाही घेतली. तिथे 'केअरफुल', 'रिगरस' किंवा पुढे येणारा 'पेन्सटेकिंग' घ्या.

वाक्यात त्याची जागा सोपी आहे. नामाआधी येतो: 'अ लबॉरिअस टास्क'. क्रियापदानंतरही येतो: 'द टास्क वॉज लबॉरिअस'. तुलनेसाठी 'मोअर' आणि 'मोस्ट' लावायचे.

५. माणसाचं कौतुक करायचं असेल तर

वहीच्या डाव्या बाजूला आता हे शब्द भरा.

'हार्ड-वर्किंग' हा सर्वांत सुरक्षित. बोलण्यात, अर्जात, पत्रात, सगळीकडे चालतो. ब्रिटिश लिखाणात मध्ये जोडरेषा असते, अमेरिकन लिखाणात बहुधा सलग लिहितात. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

'डिलिजंट' हा माझा आवडता. यात मेहनतीबरोबर सातत्य आणि काळजी येते. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ मोलाचं मानणं, प्रिय मानणं असा आहे. त्यामुळे नेमून दिलेलं काम रोज, नीट, कोणी बघत नसतानाही करणाऱ्यासाठी हा शब्द शोभतो. शिफारसपत्रात 'लबॉरिअस' खोडून मी बहुतेक वेळा हाच लिहितो.

'कॉन्शिएन्शस' म्हणजे कर्तव्याची जाण असलेला, आपल्या कामात हयगय झाली तर ज्याला स्वतःलाच चैन पडत नाही असा. 'असिड्युअस' जरा भारदस्त आहे. त्याच्या मुळाशी 'जवळ बसून राहणं' आहे, म्हणजे बैठक मोडू न देणारा. बोलताना तो जड वाटतो, लिखाणात शोभतो.

'इंडस्ट्रिअस' म्हणजे उद्योगी. त्याचा 'इंडस्ट्रिअल'शी गोंधळ करू नका. 'इंडस्ट्रिअल वर्कर' म्हणजे कारखान्यातला कामगार, मग तो उद्योगी असो वा आळशी.

विशेषण कोणतंही निवडा, त्याच्यामागे एक पुरावा द्या. 'शी इज डिलिजंट' एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. 'तिने वर्षभर एकही नोंद उशिरा दिली नाही' हे पुढचं वाक्य इंग्रजीत आलं की विशेषणाला वजन येतं. तीन विशेषणं ओळीने लिहिण्यापेक्षा एक विशेषण आणि एक घटना, हे पत्र वाचणाऱ्याच्या जास्त लक्षात राहतं.

६. कामाचे शेजारी शब्द: कोणता कधी

आता उजवी बाजू. 'लबॉरिअस'च्या आसपास बरेच शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही. याद्या पाठ करण्यापेक्षा एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा.

मेरी क्यूरी यांना पिचब्लेंड या खनिजातून रेडियम वेगळं काढायचं होतं. गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिज आणून, ते उकळून, विरघळवून, पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून १९०२ साली त्यांच्या हाती रेडियम क्लोराइड आलं ते जेमतेम एक दशांश ग्रॅम. आपल्याच उंचीच्या जड लोखंडी सळईने त्या कधीकधी दिवसभर उकळतं मिश्रण ढवळत असत, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

या एका प्रसंगात चार-पाच विशेषणं आपापली जागा दाखवतात.

शुद्धीकरणाची ती लांबलचक, त्याच त्या कृतींची साखळी 'लबॉरिअस' होती. जड सळईने ढवळणं 'स्ट्रेन्युअस' होतं, कारण तिथे शरीराचा जोर लागत होता. डॉक्टर 'स्ट्रेन्युअस एक्सरसाइज टाळा' म्हणतात तो हाच शब्द. जोरदार प्रयत्नाला आणि जोरदार विरोधालाही तो लागतो: 'स्ट्रेन्युअस एफर्ट', 'स्ट्रेन्युअस अपोझिशन'.

शोधाचा एकूण प्रवास 'आर्ड्युअस' होता. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ उंच, चढणीचा. त्यामुळे 'आर्ड्युअस जर्नी', 'आर्ड्युअस क्लाइंब' हे त्याचे हक्काचे प्रयोग. मराठीतला 'खडतर' त्याला चपखल बसतो. खडतर वाटेला एक मान असतो, जिकिरीच्या कामाला तो नसतो. 'आर्ड्युअस' आणि 'लबॉरिअस' यांत हाच फरक आहे.

कणाकणाचं मोजमाप करताना त्यांनी जी दक्षता बाळगली ती 'पेन्सटेकिंग'. या शब्दाची फोड 'पेन्स' अधिक 'टेकिंग' अशी आहे. 'पेन्स' म्हणजे इथे वेदना नाहीत, कष्ट आणि काळजी आहे. तो निखळ स्तुतीचा शब्द. मजा अशी की एकाच संशोधनाला तुम्ही 'पेन्सटेकिंग रिसर्च' म्हटलंत तर दाद दिलीत, आणि 'लबॉरिअस रिसर्च' म्हटलंत तर ते किती रटाळ आणि दमवणारं होतं ते सांगितलंत. काम तेच, बघणाऱ्याचा निवाडा वेगळा. शब्द निवडण्याआधी आपल्याला यांपैकी काय म्हणायचं आहे ते ठरवा.

आणि क्यूरी स्वतः? त्या 'डिलिजंट', 'टायरलेस'. डाव्या बाजूचे शब्द.

आणखी तीन शब्द उरकतो. 'टीडिअस' म्हणजे कंटाळवाणं. नुसतं बसून ऐकायचं भाषणही टीडिअस असू शकतं, ऐकणाऱ्याला श्रम नसले तरी. 'ग्रुएलिंग' म्हणजे पिळून काढणारं, उदाहरणार्थ लांब पल्ल्याची शर्यत किंवा तासन्‌तास चाललेली उलटतपासणी. 'लेबर-इन्टेन्सिव्ह' हा अर्थशास्त्राचा तटस्थ शब्द आहे. ज्या उद्योगाला यंत्रांच्या मानाने माणसांचे हात जास्त लागतात तो 'लेबर-इन्टेन्सिव्ह'. त्याला 'लबॉरिअस इंडस्ट्री' म्हणू नका.

७. खात्री करून घ्या: शब्दकोश, मग कॉर्पस

शब्दकोश बघताना पहिला अर्थ म्हणजे मुख्य अर्थ, असं धरून चालू नका. मेरियम-वेब्स्टरसारखे कोश अर्थांचा क्रम इतिहासाप्रमाणे लावतात, सर्वांत जुना अर्थ सर्वांत आधी. तिथे पहिला अर्थ उचलला की तुम्ही काही शतकं मागचं इंग्रजी लिहिता. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात आजच्या वापरावर भर असतो, म्हणून सुरुवातीला तोच घ्यायला सांगितलं. अर्थ वाचून थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. प्रत्येक उदाहरणात 'लबॉरिअस' कोणत्या नामाला चिकटला आहे ते वहीत टिपा. उजवी बाजू भराभर भरते आणि डावी कोरी राहते, हे तुमच्याच लक्षात येईल.

त्यानंतर कॉर्पस. यासाठी तीन सोयीची साधनं आहेत.

- स्केल (स्पेलिंग एस-के-ई-एल-एल): शब्द टाकला की खऱ्या मजकुरांतली वाक्यं आणि नेहमीचे सोबती शब्द दाखवतं. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी.
- कोका (स्पेलिंग सी-ओ-सी-ए): आजच्या अमेरिकन इंग्रजीचा शंभर कोटींहून अधिक शब्दांचा संग्रह. नोंदणी करावी लागते. विशेषणानंतर कोणती नामं किती वेळा येतात ते मोजून मिळतं.
- गूगल एनग्रॅम व्ह्यूअर: छापील पुस्तकांतला वापर वर्षांनुसार आलेखात दाखवतो. 'लबॉरिअस मॅन' आणि 'लबॉरिअस प्रोसेस' हे दोन शब्दसमूह रोमन लिपीत, मध्ये स्वल्पविराम देऊन टाका आणि दोन्ही रेषा कुठे जातात ते बघा. पहिल्या पायरीतला इतिहास समोर उभा राहतो.

एक सावधगिरी घ्या. कॉर्पसमध्ये एखाद-दुसरं 'लबॉरिअस' माणसाबद्दलही सापडेल. ते वाक्य कोणत्या काळातलं आहे, कोणत्या प्रकारच्या मजकुरातलं आहे, ते बघा. एका उदाहरणावरून 'चालतं की' असा निष्कर्ष काढू नका. कुठेतरी छापलेलं सापडणं वेगळं आणि रूढ असणं वेगळं.

८. नेहमीचे सापळे

'हार्डली'. हा सर्वांत घातक, म्हणून आधी. 'खूप मेहनत करतो' या अर्थी 'ही वर्क्स हार्ड' लिहायचं. क्रियाविशेषण हवं म्हणून 'ली' लावून 'ही हार्डली वर्क्स' लिहिलंत तर अर्थ होतो: तो काम करतच नाही म्हटलं तरी चालेल. शिफारसपत्रात हे एक वाक्य सगळ्यावर पाणी ओतून जातं.

'ही इज हार्ड वर्क'. 'तो मेहनती आहे' असं वाटतं ना? बोली ब्रिटिश इंग्रजीत याचा अर्थ 'या माणसाशी जमवून घेणं महाकठीण' असा होतो. 'ही इज अ हार्ड वर्कर' असं लिहा. आणि 'हार्ड मॅन' म्हणजे कठोर माणूस, तेही टाळा.

'लबॉरिअसली'. 'ली' लावलेलं रूप माणूस कर्ता असलेल्या वाक्यात येतं म्हणून गोंधळ होतो. 'शी लबॉरिअसली कॉपीड एव्हरी पेज' हे वाक्य बरोबर आहे. इथे वर्णन तिचं नाही, उतरवून काढण्याच्या रीतीचं आहे: एकेक पान, रेटत रेटत. 'शी स्टडीज लबॉरिअसली' मात्र लिहू नका, ती अडखळत अभ्यास करते असं वाटतं. तिथे 'डिलिजंटली' हवं.

'लबॉरिअस ब्रीदिंग'. धाप लागलेल्या, कष्टाने चाललेल्या श्वासाला इंग्रजीत 'लेबर्ड ब्रीदिंग' हा ठरलेला प्रयोग आहे. रुग्णाबद्दल लिहिताना तोच वापरा.

भाषांतराची यंत्रं. 'मेहनती' टाकल्यावर ती बहुधा 'हार्ड-वर्किंग' देतात, ते ठीक. पर्यायी शब्दांच्या यादीतून 'जरा वजनदार' म्हणून 'लबॉरिअस' उचलण्याचा मोह होतो, तो आवरा. पर्यायी शब्दांची यादी शब्द सुचवते, त्याची जागा सांगत नाही.

९. पाठवण्याआधी स्वतःची वाक्यं तपासा

खालची वाक्यं आधी स्वतः सोडवा, मग उत्तर वाचा. रिकाम्या जागी 'लबॉरिअस' चालेल का, आणि नाही तर काय?

'माय ब्रदर इज अ ... मेकॅनिक.' भाऊ माणूस आहे, कामसू आहे. 'हार्ड-वर्किंग'.

'बिफोर कंप्यूटर्स, प्रिपेअरिंग अ डिक्शनरी वॉज अ ... टास्क.' चिठ्ठ्या लिहिणं, लावणं, पुन्हा लावणं. 'लबॉरिअस' अगदी जागेवर.

'आफ्टर हार्ट सर्जरी, अव्हॉइड ... अ‍ॅक्टिव्हिटी.' शरीराचा जोर. 'स्ट्रेन्युअस'.

'वुई थँक द टीम फॉर देअर ... वर्क ऑन द इंडेक्स.' हे जरा फसवं आहे. सूची तयार करणं जिकिरीचंच असतं, व्याकरणाने 'लबॉरिअस' बसतोही. पण आपण आभार मानतो आहोत, आणि आभाराच्या वाक्यात कुरकुर नको. 'पेन्सटेकिंग' लिहा.

'फाइंडिंग द एरर बाय हँड इज स्लो अँड ...' पुढे काय येतं ते आता सांगायला नको.

हे जमलं की तुमचा स्वतःचा अर्ज किंवा पत्र उघडा आणि शोधायच्या चौकटीत 'लबॉर' एवढीच अक्षरं रोमन लिपीत टाका. जिथे जिथे शब्द सापडेल तिथे पुढचं नाम बघा. माणूस असेल तर बदला, काम असेल तर त्यात श्रम, वेळ आणि संथपणा तिन्ही आहेत का ते बघून ठेवा किंवा बदला. दुसऱ्या कोणी तुमच्यासाठी शिफारसपत्र लिहून सही करायच्या आधी मसुदा दाखवला, तर त्यातही हीच अक्षरं शोधा आणि नम्रपणे 'डिलिजंट' सुचवा. पत्र लिहिणारे सहसा आनंदाने बदलतात, कारण त्यांना म्हणायचं तेच असतं.